तिजोरी वाढली, खण भरला

रायपूरच्या जी. ई. रोडवरील एका कार्यालयात २००६ साली तीसएक संगणक एकाच मंद इंटरनेट जोडणीवर चालत असत. एकच पान दहा जणांनी उघडले, तर ते दहा वेळा बाहेरून आणावे लागे. यावर उपाय म्हणून तेथे ‘स्क्विड’ हा विनामूल्य कॅशिंग सर्व्हर बसविण्यात आला. १९९६ पासून प्रचारात असलेली ही प्रणाली एकदा आणलेले पान जवळ राखते व पुढच्या मागणाऱ्यास तेथूनच देते. पहिले काही आठवडे समाधानाचे गेले. नंतर मात्र पाने पूर्वीपेक्षाही सावकाश उघडू लागली, आणि ठपका अर्थातच जोडणी पुरविणाऱ्यांवर आला!

दोष होता तो स्मृतीच्या वाटणीत. बँकेच्या परिभाषेत सांगावयाचे तर सर्व्हरची रॅम म्हणजे रोखपालाच्या हाताशी असलेला खण आणि हार्ड डिस्क म्हणजे तिजोरी. रॅम होती ५१२ एमबी. तिच्यातील २५६ एमबी ‘कॅश-मेम’ या नावाने वारंवार लागणाऱ्या पानांसाठी दिली होती आणि डिस्क स्वस्त म्हणून तिच्यावर ४० जीबी जागा सोडली होती. कॅश-मेम हीच सर्व्हरच्या स्मृतीची कमाल मर्यादा, असा समज यामागे होता. तो चुकीचा आहे. तिजोरीत काय कोठे आहे याची नोंदवही स्क्विड सदैव खणातच ठेवतो. डिस्कवरील दर जीबीमागे ही नोंदवही सुमारे १० एमबी रॅम घेते. ६४ बिटच्या यंत्रावर सुमारे १४. तिजोरी भरत गेली तशी नोंदवही ४०० एमबीकडे सरकली. खणात न मावणारे सारे मग डिस्कवरील ‘स्वॅप’मध्ये जाऊ लागले आणि प्रत्येक नोंद पाहण्यास रोखपालाला तिजोरीपर्यंत हेलपाटा पडू लागला.

डिस्कची जागा १० जीबी व कॅश-मेम १२८ एमबी केल्यावर बेरीज २५० एमबीच्या आसपास स्थिरावली. सर्व्हरने एकूण रॅमच्या दोनतृतीयांशाहून अधिक व्यापू नये, हा जुना ठोकताळा येथे बरोबर बसला. जागा घटली की जुनी पाने जातात, हे खरे. पण महिनाभर कोणी न मागितलेले पान सांभाळण्यात हशील तरी काय?

माझ्या खात्याचे पानही असे साठून राहते काय, अशी शंका ग्राहकांच्या मनात साहजिकच येईल. नेटबँकिंगचे पान कूटबद्ध होऊन येते. सामान्य मांडणीतील मधला सर्व्हर ते न उघडता पुढे पाठवितो. आज बहुतेक संकेतस्थळे कूटबद्धच असल्याने कार्यालयांतील अशा सर्व्हरांचा उपयोग बराच ओसरला आहे. संकेतस्थळे चालविणाऱ्यांच्या दारात मात्र कॅशिंग सर्व्हर आजही उभे असतात, आणि रॅमचा हिशेब त्यांनाही टळलेला नाही.