शून्य रेखांशावरचे वाशिम

आपल्या मोबाइलमधील नकाशा उघडून वाशिम शहरावर बोट टेकवा. अक्षांश सुमारे २०.१ उत्तर आणि रेखांश सुमारे ७७.१ पूर्व असे आकडे दिसतील. यांपैकी रेखांश इंग्लंडमधील ग्रिनिचपासून मोजलेला आहे. ग्रिनिचची रेषा शून्य मानावी, असे १८८४ साली वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरले. सातव्या शतकातील भारतीय ज्योतिर्विदाला विचारले असते, तर त्याने वाशिमचा रेखांश शून्यच सांगितला असता.

याला ग्रंथाचा आधार आहे. पहिल्या भास्कराने (हा ‘लीलावती’कार नव्हे; ते पाच शतकांनंतरचे) ‘महाभास्करीय’ या ग्रंथात मध्यरेषेवरील स्थाने सांगितली आहेत. लंकेपासून मेरूपर्यंतच्या या यादीत अवंती म्हणजे उज्जैन आहे, स्थानेश म्हणजे हरियाणातील ठाणेसर आहे आणि वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशिमही आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे नाव राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’मुळे परिचित असेल, काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह त्याने येथेच लावला आहे. यादीतील लंका मात्र विषुववृत्तावरील कल्पित बिंदू समजावी.

वाशिममधील मध्यमेश्वर मंदिराचे नाव याच रेषेवरून पडले, असे स्थानिक परंपरा सांगते. परंपरा रम्य आहे. पण केवळ नाव हा पुरावा होत नाही. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर या रेषेपासून तीन अंश पश्चिमेला आहे! वाशिमचा दावा उभा राहतो तो ग्रंथातील उल्लेखावर.

ही रेषा आजच्या नकाशावर तपासली, तर गंमत होते. ठाणेसरचा रेखांश सुमारे ७६.८ आहे. वाशिमपासून ते उत्तरेला हजारावर किलोमीटर दूर असूनही दोहोंच्या रेखांशांत जेमतेम ०.३ अंशाचा फरक पडतो. उज्जैन मात्र ७५.८ वर, म्हणजे वाशिमच्या बरेच पश्चिमेला आहे. ज्या नगरीच्या नावाने ही रेषा प्रसिद्ध झाली, तीच रेषेतून बाहेर पडलेली दिसते.

असे का व्हावे? अक्षांश ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून किंवा माध्यान्हीच्या सावलीवरून काढता येतो. रेखांशासाठी दोन गावांच्या स्थानिक वेळांतील फरक कळावा लागतो. चंद्रग्रहण सर्वत्र एकाच क्षणी लागते. म्हणून ते लागताना दोन्ही गावी घटिकापात्रावर किती वेळ झाली होती, हे ताडून पाहावयाचे. उज्जैन आणि वाशिम यांतील फरक साडेपाच मिनिटांहून किंचित कमी, म्हणजे सुमारे साडेतेरा पळे आहे. पाण्यात बुडणाऱ्या तांब्याच्या भांड्याने हा फरक निश्चित करणे अवघडच. शिवाय पंचांगाचे मूळ गणित मध्यरेषेसाठी करून इतर गावांकरिता त्याला देशांतर-संस्कार देत. वाशिमला तो दिला नाही, तरी तेवढ्या वेळात चंद्र सुमारे तीन कलाच सरकतो. ही चूक सहज खपून जाणारी होती.

प्राचीनांना हसण्यापूर्वी ग्रिनिचची कथाही ऐकावी. तेथील वेधशाळेतील प्रसिद्ध रेषेवर उभे राहून मोबाइल पाहिला, तर तो शून्य दाखवीत नाही. शून्य सुमारे १०२ मीटर पूर्वेला सापडते. जुनी रेषा स्थानिक गुरुत्वाकर्षणाने ठरणाऱ्या लंबदिशेवर आधारलेली होती, तर उपग्रहांचे गणित पृथ्वीच्या केंद्रापासून चालते.

करून पाहा : भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. एका अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने वाशिमची स्थानिक वेळ तिच्या सुमारे साडेएकवीस मिनिटे मागे राहते. सपाट अंगणात एक काठी सरळ उभी रोवा आणि तिची सावली सर्वांत आखूड केव्हा होते, ते घड्याळात पाहा. एप्रिलच्या मध्यास वाशिम येथे साधारण बारा वाजून एकवीस मिनिटे झालेली असतील. सूर्याची गती वर्षभर सारखी भासत नसल्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यास हीच वेळ बारा छत्तीसच्या आसपास जाते, तर नोव्हेंबरच्या आरंभी बारा पाचपर्यंत अलीकडे येते. आपण अन्य गावी राहत असाल, तर आपल्या रेखांशावरून हा हिशेब आधी मांडा आणि मग काठी रोवा.