मधुमेह आणि अल्पकर्बोदक आहार

मधुमेह हा विकार भारतीय वैद्यांना फार प्राचीन काळापासून परिचित आहे. रुग्णाचे मूत्र गोड असते व त्याकडे मुंग्या आकर्षित होतात, हे निरीक्षण त्यांनी नोंदून ठेवले होते. विकाराचे नावही या गोडीवरूनच पडले. आज या विकाराचा प्रसार किती झाला आहे, याची कल्पना भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीवरून येते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार देशातील मधुमेही व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक आहे. याच पाहणीतील आहारविषयक माहिती २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतीयांना अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांपासून, म्हणजे धान्यातील पिष्ट आणि साखर यांपासून मिळते, असे तीत आढळले.

तेव्हा कर्बोदके कमी करून त्यांची जागा स्निग्ध पदार्थांना द्यावी काय, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. अशा आहाराने रक्तातील शर्करा कमी होते, याविषयी आता फारसा मतभेद नाही. परंतु ताट एका दिवसात बदलता येते, शरीराला त्या बदलाशी जुळवून घेण्यास काही आठवडे लागतात आणि औषधाची मात्रा मात्र पहिल्याच दिवशी बदलावी लागते. या तिन्ही गोष्टींचा मेळ घातला गेला नाही, तर हितकारक आहारही अपायकारक ठरू शकतो.

जुन्या उपचाराचा इतिहास

ही उपचारपद्धती नवीन नाही. १७९७ मध्ये जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी शल्यवैद्याने एका मधुमेही अधिकाऱ्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. रोलोने त्याचे धान्य व भाज्या जवळजवळ बंद करून त्यास मांस आणि चरबी यांवर ठेवले होते व त्यायोगे त्याच्या मूत्रातील साखर कमी झाली होती. १८७०-७१ मध्ये पॅरिस शहरास शत्रूचा वेढा पडला व अन्नाची टंचाई झाली. त्या काळात मधुमेही रुग्णांच्या मूत्रातील साखर घटते, असे बूशार्दा या फ्रेंच वैद्याच्या लक्षात आले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील फ्रेडरिक ॲलन याने तर रुग्णांना जवळजवळ उपाशी ठेवण्याचा मार्ग अनुसरला. त्याने काहींचे आयुष्य लांबले, पण ते अस्थिपंजर होऊन जगत. १९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे इन्शुलिनचा शोध लागला, १९२२ मध्ये ते रुग्णांना टोचण्यास आरंभ झाला आणि आहारावरील कडक निर्बंध हळूहळू सैल झाले.

रोलो किंवा ॲलन यांच्या रुग्णांपाशी रक्तशर्करा उतरविणारे प्रभावी औषध नव्हते. आजचा रुग्ण बहुधा औषध घेत असतो, आणि हेच औषध आहाराबरोबर बदलले नाही तर धोक्याचे ठरते.

शरीरातील इंधनव्यवस्था

प्रौढ मनुष्याच्या संपूर्ण रक्तात एका वेळी ग्लुकोज असते ते अवघे चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा भरेल इतके. एका चपातीतून मात्र सुमारे २० ग्रॅम ग्लुकोज रक्तात येऊ शकते. हा लोंढा स्नायूंत, यकृतात व मेदात पोहोचविण्याचे कार्य इन्शुलिन करते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात शरीर इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही व पुढे स्वादुपिंडाची इन्शुलिन निर्माण करण्याची शक्तीही उणावते. अशा शरीरावर पडणारा कर्बोदकांचा भार हलका केला की रक्तशर्करेचे चढ सौम्य होतात.

जादा ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपाने साठविले जाते. यकृतातील हा साठा सुमारे १०० ग्रॅमचा असतो. स्नायूंत तो याच्या काही पटींनी अधिक असतो. कर्बोदके फार कमी झाली की यकृताचा साठा एक-दोन दिवसांत ओसरू लागतो. मग शरीर मेदाकडे वळते. यकृत मेदाम्लांपासून कीटोन नावाची द्रव्ये तयार करते व मेंदू आपल्या गरजेचा काही भाग त्यांवर भागवितो. उरलेले आवश्यक ग्लुकोज यकृत प्रथिनांतील घटकांपासून व मेदातील ग्लिसरॉलपासून स्वतःच घडविते.

पहिले काही आठवडे

हा पालट होत असताना अनेकांना डोकेदुखी, थकवा, चिडचिड, पायांत गोळे व बद्धकोष्ठ यांचा त्रास होतो. आपणांस हा आहार मानवत नाही असे समजून पुष्कळ रुग्ण याच टप्प्यावर तो सोडून देतात. वस्तुतः यातील बऱ्याच तक्रारींचे मूळ पाणी व मीठ यांत असते. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठविलेले असते; साठा ओसरला की ते पाणीही निघून जाते. पहिल्या आठवड्यात वजनाचा काटा झपाट्याने उतरतो तो मुख्यतः यामुळे. तेवढी चरबी झडली असा त्याचा अर्थ नव्हे. शिवाय रक्तातील इन्शुलिन उणावले की मूत्रपिंडे अधिक मीठ बाहेर टाकतात. परिणामी उठताना भोवळ येते व रक्तदाब उतरतो.

पुरेसे पाणी, ताक, भाज्यांचे पातळ सार व भरपूर पालेभाजी यांनी हा काळ सुसह्य होतो. परंतु रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मीठ वाढविण्याचा निर्णय स्वतः घेऊ नये. रक्तदाबाचे औषध चालू असल्यास त्याचीही मात्रा कमी करावी लागण्याचा संभव असतो. सामान्यतः दोन ते चार आठवड्यांत या तक्रारी निवतात.

औषधाची मात्रा

समजा, एक गृहस्थ सकाळी व रात्री जेवणापूर्वी इन्शुलिन टोचून घेतात. त्यांच्या रात्रीच्या जेवणात तीन चपात्या, एक वाटी भात व वरण असते. त्यातून सुमारे १०० ग्रॅम कर्बोदके मिळतात. एके दिवशी ते चपाती व भात वर्ज्य करून पनीर, भाजी व कोशिंबीर घेतात. कर्बोदके २० ग्रॅमवर येतात. इन्शुलिन मात्र १०० ग्रॅमच्या हिशेबाने टोचलेले असते. मध्यरात्री त्यांना दरदरून घाम सुटतो, हात कापू लागतात, बोलणे असंबद्ध होते. घरातील माणसे जागी झाली नाहीत, तर प्राणावर बेतू शकते. या गृहस्थांचा आहार चुकीचा नव्हता. चुकला तो आहार आणि औषध यांचा हिशेब.

म्हणून इन्शुलिन घेणाऱ्या, तसेच ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाने आहार बदलण्यापूर्वीच वैद्यांकडून नवी मात्रा ठरवून घ्यावी आणि आरंभीचे काही दिवस रक्तशर्करा वारंवार तपासावी. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी. येथे पथ्य मोडण्याचा संकोच मुळीच धरू नये. रुग्ण बेशुद्ध असल्यास त्याच्या तोंडात काही न घालता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यास हा धोका फारच थोडा असतो.

कीटोन: इष्ट व अनिष्ट

कीटोन द्रव्ये रक्तात थोड्या प्रमाणात असणे ही कर्बोदके उणावल्यावर येणारी स्वाभाविक अवस्था होय. त्या वेळी शरीरात थोडेबहुत इन्शुलिन असते व ते या द्रव्यांची निर्मिती आटोक्यात ठेवते. इन्शुलिनचा तीव्र अभाव झाला म्हणजे हा लगाम सुटतो, रक्त आम्लधर्मी होते व जीव धोक्यात येतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास ही त्याची लक्षणे होत. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णाने कर्बोदके कितीही कमी केली तरी इन्शुलिन पूर्णपणे कधीही बंद करू नये, ते यासाठीच. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातील गोळ्या चालू असता कर्बोदके फार कमी केल्यास रक्तशर्करा विशेष न वाढताही ही आपत्ती ओढवू शकते. म्हणून त्यांविषयी वैद्यांचा निर्णय आधीच घ्यावा लागतो. गर्भवती व स्तनदा माता, तसेच मूत्रपिंडाच्या विकाराने पीडित रुग्ण यांनीही हा प्रयोग स्वतःच्या विचाराने करू नये.

ताटातील फेरबदल

दिवसाकाठी १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असलेल्या आहारास सामान्यतः अल्पकर्बोदक आहार म्हणतात. २० ते ५० ग्रॅमचा आहार अत्यल्पकर्बोदक समजला जातो. भारतीय घरात, विशेषतः शाकाहारी घरात, दुसरा प्रकार कठीण जातो, कारण डाळी व कडधान्ये यांत प्रथिनांबरोबर कर्बोदकेही असतात. पहिला प्रकार मात्र आवाक्यातील आहे.

याविषयीचे काही समज तपासून घेणे इष्ट ठरेल. चपातीऐवजी ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी खाल्ली म्हणजे पथ्य झाले, असे पुष्कळांना वाटते. ज्वारी, बाजरी, नाचणी किंवा गहू, कोणतेही पीठ घेतले तरी १०० ग्रॅममध्ये ६० ते ७० ग्रॅम कर्बोदके असतातच. भाकरी बदलण्यापेक्षा भाकऱ्यांची संख्या कमी करणे अधिक उपयोगी. उपवासाचा साबुदाणा हा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट होय. साखरेऐवजी गूळ घेतल्यानेही फरक पडत नाही.

रिकाम्या जागी काय यावे, हे प्रांतपरत्वे ठरेल: बंगालात मासे, पंजाबात पनीर, अन्यत्र अंडी, दही, शेंगदाणे, तीळ. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल व एक चतुर्थांश प्रथिने असतात. स्निग्ध पदार्थांतही निवड हवी. शेंगदाणा, मोहरी व तीळ यांची तेले आणि मासे यांना अग्रस्थान द्यावे. तूप, लोणी व खोबरेल तेल बेताने घ्यावे, कारण त्यांनी काही व्यक्तींच्या रक्तातील एलडीएल हे अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते. तसेच एक ग्रॅम कर्बोदकापासून चार कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून नऊ. भात तसाच ठेवून त्यावर तूप वाढविणे हा अल्पकर्बोदक आहार नव्हे.

टिकेल ते पथ्य

२०२१ मध्ये अशा आहाराच्या २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या शेवटी या आहाराचा लाभ स्पष्ट दिसत होता. बारा महिन्यांपर्यंत तो बराच ओसरला होता. निर्बंध जितका कडक, तितका तो वर्षभर पाळणे अवघड, हा अनुभव घरोघरी येतो. म्हणून चारऐवजी दोन चपात्या, भाताची अर्धी वाटी, दुप्पट भाजी आणि प्रत्येक जेवणात एक प्रथिनयुक्त पदार्थ असा बेताचा आरंभ अधिक शहाणपणाचा ठरतो. तीन महिन्यांनी एचबीए१सी व कोलेस्टेरॉल यांची तपासणी करून पुढचे पाऊल ठरवावे. एचबीए१सी मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी शर्करा दाखविते, त्यामुळे त्याआधी घाईने निष्कर्ष काढण्यात अर्थ नसतो.

स्वयंपाक एकासाठी वेगळा करावा लागला की तो फार दिवस चालत नाही. घरातील सर्वांच्याच ताटात भाजी वाढली व भात थोडा कमी झाला, तर रुग्णाचे पथ्य हे रुग्णाचे एकट्याचे राहत नाही, आणि त्या घरातील ज्यांना पुढे हा विकार होण्याचा संभव आहे त्यांचेही त्यात हित होते.