स्कॅन नॉर्मल, डोकं मात्र ठणकतंच

मराठी घरात डोकेदुखीचा आळ घ्यायला तिघे कायम तयार असतात: पित्त, सायनस आणि चष्म्याचा नंबर. पित्तावर मोरावळा, सायनसवर वाफ, नंबरासाठी नवा चष्मा. जोडीला कपाळावर बाम आणि डोक्याला करकचून बांधलेला फडका. एवढं करूनही डोकं थांबलं नाही, की एमआरआय. रिपोर्ट नॉर्मल येतो, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि ज्याचं डोकं दुखतं त्याची पंचाईत सुरू होते. कारण त्या कागदाचा अर्थ ‘तुला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नकोस’ असा लावला जातो.

मायग्रेन, म्हणजे आपली अर्धशिशी, आणि तिच्याहून दुर्मीळ पण जास्त भयंकर असलेला क्लस्टर हेडेक, हे दोन्ही आजार नेहमीच्या स्कॅनमध्ये दिसत नाहीत. स्कॅनमध्ये गाठ किंवा रक्तस्राव दिसतो. त्यामुळे आयुष्यात कधी दुखलं नव्हतं असं डोकं अचानक फुटेल तसं दुखू लागलं, सोबत ताप आणि ताठ मान असेल, बोलणं अडखळलं, हातापायातली ताकद गेली, डोक्याला मार लागला असेल किंवा पन्नाशीनंतर नवीच डोकेदुखी सुरू झाली, तर तातडीने तपासणी हवीच. पण वर्षानुवर्षं त्याच ढंगाने येणाऱ्या डोकेदुखीचं निदान रुग्णाच्या सांगण्यावरूनच होतं. ती किती वेळ टिकते, कधी येते आणि त्या वेळी माणूस काय करतो, या तीन प्रश्नांत बहुतेक उत्तर असतं.

मायग्रेनचा झटका उपचाराविना ४ ते ७२ तास चालतो. डोकं ठणकतं, बहुधा एका बाजूने. जिना चढला तरी कळ वाढते. उजेड, मिक्सरचा आवाज, फोडणीचा वास नकोसा होतो आणि माणूस पडदे ओढून निपचित पडतो. जगात साधारण सातातल्या एका व्यक्तीला हा त्रास आहे आणि त्यात स्त्रियांचं प्रमाण पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट आहे.

काहींना दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात. याला ऑरा म्हणतात. कार्ल लॅशली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये स्वतःच्या ऑराची चित्रं काढून हिशेब मांडला, की मेंदूत काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकत असावं. १९४४ मध्ये ब्राझीलचे आरिस्तिदेस लेआओ यांनी प्राण्यांच्या मेंदूवर अशीच मंद लाट सरकताना नोंदवली. दुखणं मात्र पोचतं ते चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल नसेच्या जाळ्यातून. तिथे सीजीआरपी नावाचं रसायन स्रवतं आणि वेदनेची साखळी सुरू होते. या शोधासाठी लार्स एडविनसन, पीटर गोड्सबी, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसन यांना २०२१ चं ब्रेन प्राइझ मिळालं.

मग पित्ताचं काय? झटक्यात मळमळतं, उलटी झाल्यावर काहींना बरं वाटतं, म्हणून दोष पोटाला जातो. प्रत्यक्षात झटक्यामुळे जठराचं काम मंदावतं. उशिरा घेतलेली गोळी पोटात नुसती पडून राहते, म्हणून डॉक्टर ती सुरुवातीलाच घ्यायला सांगतात आणि सोबत उलटीवरचं औषध देतात. सायनसचंही तसंच. मायग्रेनमध्ये नाक चोंदतं, गालही दुखतात. ‘सायनसची डोकेदुखी’ असा शिक्का बसलेल्या सुमारे ३,००० जणांची अमेरिकेत तपासणी झाली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनच्या प्रकारात बसली.

झटक्याला निमित्तं मात्र आपल्या दिनक्रमातच असतात: जागरण, ऊन, मासिक पाळी, चंद्रोदयापर्यंत लांबलेला संकष्टीचा उपास. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. त्यांत झटक्याचं निमित्त होतं डोक्यावरून आंघोळ. सासूबाईंना जे ‘नाटक’ वाटायचं, ते वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

उपचाराची गाडी सर्वांत जास्त घसरते ती मेडिकलच्या दुकानात. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस, किंवा कॅफीन मिसळलेली संयुक्त गोळी अथवा ट्रिप्टान हे मायग्रेनवरचं औषध १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर औषधच नवी डोकेदुखी जन्माला घालू शकतं. गोळी उतरली की डोकं दुखतं, म्हणून पुन्हा गोळी. हे चक्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली तोडावं लागतं. झटके वरचेवर येत असतील तर प्रतिबंधक औषध रोज घ्यायचं असतं: प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट, फ्लुनारिझिन यांपैकी एखादं. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, गर्भधारणेची शक्यता असेल तर टोपिरामेट टाळतात. म्हणून शेजारणीची चिठ्ठी उपयोगाची नाही. गुण यायला दोन-तीन महिने लागतात आणि बरेच जण पंधरवड्यातच कंटाळून सोडतात. अमेरिकेत २०१८ पासून सीजीआरपीला अडवणारी इंजेक्शनंही आली आहेत. ती गुणकारी आहेत, पण महाग. ऑरा येणाऱ्या स्त्रियांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेण्याआधी डॉक्टरांना तसं जरूर सांगावं, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो.

क्लस्टर हेडेकचा रुग्ण पडून राहूच शकत नाही. तो येरझाऱ्या घालतो, भिंतीवर डोकं आपटतो. एकाच बाजूला, डोळ्याभोवती सळई खुपसल्यासारखी कळ. तो डोळा लाल, पापणी उतरलेली, त्याच बाजूचं नाक वाहणारं. झटका १५ मिनिटं ते ३ तास, दिवसातून आठ वेळांपर्यंत. बरेचदा रात्री ठरल्या वेळी तो माणसाला झोपेतून उठवतो. हजारात साधारण एकाला होणारा हा आजार पुरुषांत जास्त आढळतो. घड्याळाचा हा नेम पाहून संशोधकांची नजर मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडे, म्हणजे शरीराचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या भागाकडे गेली आणि १९९८ मध्ये पेट स्कॅनवर झटक्याच्या वेळी तिथली हालचाल टिपली गेली.

हा आजार काही आठवडे किंवा महिने छळतो आणि मग आपोआप महिनोन् महिने, कधी वर्षभर गायब होतो. यातच फसगत आहे. त्या आठवड्यात जे केलेलं असतं त्याला श्रेय मिळतं: कुणी चांगली दाढ काढून घेतलेली असते, कुणी नाकाचं ऑपरेशन, कुणी अंगारा लावलेला असतो. पुढच्या फेरीत ते सगळं निष्फळ ठरतं.

साधी गोळी लागू पडेपर्यंत इथे झटका संपत आलेला असतो. उपयोगी पडतो तो शुद्ध ऑक्सिजन, घट्ट बसणाऱ्या मास्कमधून मिनिटाला १२ ते १५ लिटर, सुमारे १५ मिनिटं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ऑक्सिजनने ७८ टक्के झटके आटोक्यात आले, साध्या हवेने २० टक्के. कोविडकाळात घेतलेलं ५ लिटरचं कॉन्सन्ट्रेटर यासाठी पुरत नाही. सिलिंडर लागतो, तोही डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि देवघरातल्या समईपासून, गॅसपासून लांब ठेवलेला. दुसरा उपाय सुमाट्रिप्टानचं त्वचेखालचं इंजेक्शन. फेरी आवरण्यासाठी व्हेरापामिल देतात, पण वेळोवेळी ईसीजी काढून. फेरी चालू असताना दारूचा घोटही झटका आणू शकतो.

निदान सांगण्यावर अवलंबून असेल, तर सांगणं नेमकं हवं. दूध आणि गॅस सिलिंडरच्या नोंदी आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर करतोच. त्याच चौकटीत डोकं कधी दुखलं, किती तास, कोणती गोळी घेतली, पाळीचा दिवस होता का, एवढं लिहावं. घरच्यांनी झटक्यात माणूस पडून होता की फेऱ्या मारत होता हे पाहावं. डोळा लाल झाला असेल तर मोबाइलवर फोटो काढावा. अशा तीन महिन्यांच्या नोंदी समोर आल्या, की डॉक्टरांचा अंदाजावरचा वेळ वाचतो आणि पहिल्याच भेटीत औषध आजार पाहून लिहिलं जातं.