पितळी रिंग आणि निसरडं तेल

डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी पंधरा-वीस वर्षं जुनी मारुती ८०० बाहेर काढा. पहिला गिअर सरळ पडतो. गल्लीच्या तोंडाशी दुसरा टाकायला जावं, तर हाताला अडखळ लागते आणि खालून ‘खर्र’ असा आवाज येतो. चार-पाच किलोमीटर गेल्यावर तीच गाडी निमूटपणे गिअर घेते. जुनी गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा हा आवाज आहे. गॅरेजमध्ये त्यावर पहिलं उत्तर मिळतं ते ‘गिअर ऑइल बदलून टाकू’. हे उत्तर पुष्कळदा बरोबरही असतं. चूक होते ती त्यापुढे, डबा निवडताना.

आधी हा आवाज कशाचा, ते पाहू. ‘गिअरचे दात घासताहेत’ असं आपण म्हणतो, पण पुढे नेणाऱ्या गिअरांच्या दातेरी चाकांच्या जोड्या आधुनिक गिअरबॉक्समध्ये कायम एकमेकींत गुंतलेल्याच असतात. प्रत्येक जोडीतलं एक चाक शाफ्टवर मोकळं फिरत असतं. गिअर टाकणं म्हणजे त्यातलं एक चाक शाफ्टला जखडून टाकणं. हे काम करणारी स्लीव्ह बाजूने सरकत येते आणि तिच्या आतले आखूड दात चाकाच्या कडेवरच्या तशाच आखूड दातांत शिरतात. दोघांचा वेग सारखा असेल तर दात अलगद बसतात. तो सारखा नसेल तर टोकं एकमेकांवर आपटत राहतात. खर्र आवाज त्या टोकांचा.

वेगात फरक किती असतो? समजा तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.४ आहे, दुसऱ्याचं २.१, आणि गिअरबॉक्समध्ये शिरणारा शाफ्ट मिनिटाला ३००० फेरे घेतोय. गाडीचा वेग तोच ठेवून दुसऱ्यात यायचं तर त्या शाफ्टला ४५०० फेऱ्यांवर जावं लागतं. म्हणजे कसारा घाटात वळणाआधी तुम्ही दांडा मागे ओढता, तेव्हा अर्ध्या सेकंदाच्या आत कुणीतरी १५०० फेऱ्यांची भर घालायची असते.

पूर्वी ती भर चालकाचा पाय घालायचा. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरचा एक हलका दाब द्यायचा, मग पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. जुन्या ट्रकांवर हात बसलेले ड्रायव्हर याला ‘डबल क्लच’ म्हणतात, आणि ते कौशल्य खरोखर पाहण्यासारखं असतं. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅकने अर्ल थॉम्पसन या अभियंत्याची सिंक्रोमेश रचना गाड्यांत आणली आणि पायाचं हे काम यंत्राकडे गेलं. गिअरच्या चाकाला कडेला एक शंकू असतो. स्लीव्ह पुढे सरकताना आधी एक पितळी किंवा ब्राँझची रिंग त्या शंकूवर टोपीसारखी दाबते. दोघांच्या घर्षणातून वेग जुळतो आणि तो जुळेपर्यंत रिंग स्लीव्हची वाट अडवून धरते. ही अंगठीएवढी साधी वस्तू म्हणजे आत दडलेला एक छोटा क्लचच.

तेलाची खरी अडचण इथे सुरू होते. गिअरच्या मुख्य दातांना तेल निसरडं हवं असतं, जितकं निसरडं तितकं चांगलं. रिंग आणि शंकू यांना मात्र घर्षण हवं असतं, कारण घर्षण नसेल तर वेग जुळणारच नाही. दोघंही एकाच तेलात बुडालेले. एका डब्यातल्या द्रवाकडून एकमेकांच्या विरुद्ध असलेली दोन कामं आपण एकाच क्षणी मागतो. गिअर ऑइलची निवड अवघड होते ती याच कारणाने.

रिखार्ड श्ट्रिबेक या जर्मन अभियंत्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेअरिंगांवर प्रयोग केले. त्याच्या नावाचा आलेख आज वंगणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावा लागतो. वेग जास्त आणि दाब कमी असताना दोन पृष्ठभागांमध्ये तेलाचा अखंड थर टिकतो आणि धातू धातूला शिवत नाही. वेग घटला आणि दाब वाढला की थर फाटतो, पृष्ठभाग एकमेकांना धरू लागतात. सिंक्रोच्या रिंगला हा सगळा प्रवास डोळ्याची पापणी लवेपर्यंत करायचा असतो. म्हणून तिच्या आतल्या बाजूला बारीक आटे कापलेले असतात. ते तेलाचा थर चिरून तेल बाजूला सारतात. तेल थंडीने घट्ट झालं की थर लवकर चिरला जात नाही, आणि सकाळचा दुसरा गिअर वाजतो. आटे झिजून गुळगुळीत झाले तरी तेच होतं, फक्त तेव्हा दुपारी गाडी तापल्यावरही वाजतो.

आता डब्यावरचे आकडे. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारीत आपल्या कामाचे दोन वर्ग आहेत, जीएल-४ आणि जीएल-५. आकडा मोठा म्हणून माल वरचढ, असा समज काउंटरवर सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. जीएल-५ घडलं ते मुख्यतः हायपॉइड गिअरांसाठी, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या गाड्यांच्या डिफरन्शियलसाठी. तिथे दात एकमेकांवर लोळण्यापेक्षा प्रचंड दाबाखाली घसरतात आणि साध्या तेलाचा थर टिकत नाही. म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं भरपूर घातलेली असतात. दाताच्या तापलेल्या टोकाशी ती लोखंडाशी संयोग पावून पापुद्रा तयार करतात. तो झिजतो, पुन्हा तयार होतो, आणि पोलाद वाचतं. जीएल-४ मध्ये ही द्रव्यं साधारण निम्मीच असतात.

पितळात तांबं असतं आणि गंधकाला तांबं प्रिय. देवघरातली तांब्याची भांडी काळवंडतात त्यामागेही बऱ्याच अंशी हवेतल्या गंधकाच्या संयुगांचा हात असतो. गिअरबॉक्समध्ये हेच तापलेल्या तेलात, दाबाखाली होतं. रिंगवर काळा थर चढतो आणि खरवडला जाताना पितळाचे कणही घेऊन जातो. तेल तांब्याला किती चावतं हे पाहायची चाचणी फार साधी आहे: घासून लख्ख केलेली तांब्याची पट्टी गरम तेलात काही तास ठेवायची आणि तिचा रंग प्रमाणित नमुन्यांशी ताडून पाहायचा. आजची कित्येक जीएल-५ तेलं या चाचणीत नीट उतरतात, हे सांगायला हवं. तरी घर्षणाचा प्रश्न उरतोच. पितळ न चावणारं तेलही रिंगला नको इतकं निसरडं असू शकतं.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत हा घोटाळा कसा होतो, तेही पाहा. अ‍ॅम्बॅसिडर किंवा कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी यांच्यात गिअरबॉक्स पुढे आणि डिफरन्शियल मागच्या आसात, म्हणजे तेलाची दोन वेगळी घरं. गॅरेजमध्ये मोठा डबा एकच असतो, ‘नव्वद नंबर’चा, आणि दोन्हीकडे त्यातलंच जातं. तो जीएल-५ असेल तर मागचं डिफरन्शियल खूश आणि पुढची पितळी रिंग उपाशी. मारुती ८०० मध्ये इंजिन आडवं आणि चालना पुढच्या चाकांना, त्यामुळे डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं. पण त्याचे गिअर हायपॉइड नसतात, म्हणून तिथे जीएल-५ची गरजच नाही.

दाटपणाचाही असाच गैरसमज आहे. गिअर ऑइलचा ९० नंबर इंजिन ऑइलच्या ४०-५० नंबरच्या आसपासच दाट असतो. दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. म्हणूनच काही जुन्या होंडा गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये इंजिन ऑइल चालतं आणि १९५९च्या मूळ मिनीमध्ये तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलात पोहतात. ‘आवाज करतोय ना, मग जाड तेल घालू’ हा सल्ला बेअरिंगची घरघर थोडी दाबेल, पण सिंक्रोला आणखी सुस्त करेल. मॅन्युअलमध्ये ७५डब्ल्यू-९० लिहिलं असेल तर तेच घ्यावं. पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा आहे आणि नाशिक-पुण्याच्या हिवाळ्यातही त्याचा फरक हाताला कळतो.

तेलावर खर्च करण्याआधी पाच मिनिटं द्या. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. तो वाजला तर क्लच पूर्ण सुटत नाही. केबलचं सेटिंग पाहा, गिअरबॉक्सला हात लावू नका. सगळे गिअर ठीक आणि एकटा दुसराच वाजत असेल तर त्याची रिंग झिजलेली असण्याची शक्यता मोठी. योग्य तेलाने तिचे थोडे दिवस वाढतील, झिजलेलं पितळ मात्र परत येणार नाही. अ‍ॅम्बॅसिडरच्या जुन्या मॉडेलांत पहिल्या गिअरला सिंक्रोच नव्हता. तिथे गाडी पूर्ण थांबवणं हाच उपाय, तेल कुठलंही घाला.

जुनं तेल काढाल तेव्हा ते पांढऱ्या भांड्यात घ्या आणि उन्हात धरून पाहा. चुंबक असलेल्या बोल्टावर करड्या पोलादाचा बारीक लेप दिसला तर काळजी नको. तेलात सोनेरी चमक तरंगत असेल तर ती रिंग आहे, आणि तिला चुंबक धरत नाही. एक गोष्ट मात्र विसरू नका: खालचा बोल्ट काढण्याआधी वरचा, तेल भरायचा बोल्ट सुटतोय याची खात्री करा. तो गंजून अडकला असेल आणि तेल आधीच सांडलं असेल, तर गाडी जागची हलवता येणार नाही.

आणि गॅरेजला जाताना मॅन्युअलमधल्या तेलाच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा. डबा उघडण्याआधी त्यावरचा जीएल आकडा स्वतः वाचा.