एका नॅनोग्रॅमची किंमत

एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील एका भागास नॅनोग्रॅम म्हणतात. डोळ्यांना दिसणार नाही आणि तळहातावर जाणवणार नाही अशा या मापावर २०१४ साली अमेरिकेतील एका तेवीस वर्षांच्या खेळाडूचे भवितव्य तोलले गेले. जोश गॉर्डन हे त्याचे नाव. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलची सर्वोच्च संघटना असलेल्या नॅशनल फुटबॉल लीगच्या नियमाप्रमाणे एक मिलिलिटर मूत्रात गांजाच्या अंशाचे प्रमाण १५ नॅनोग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये, असे होते. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार गॉर्डनच्या नमुन्याच्या पहिल्या बाटलीत ते १६ निघाले. त्याच नमुन्याच्या दुसऱ्या बाटलीत ते १३.६ म्हणजे मर्यादेच्या आत होते. परंतु दुसऱ्या बाटलीत तो अंश केवळ आढळला की पुरे, प्रमाण पाहायचे ते पहिल्या बाटलीचे, असा नियम होता. दोन बाटल्यांचा क्रम उलटा लागला असता, तर तो निर्दोष ठरला असता. तो तसा लागला नाही आणि २७ ऑगस्ट २०१४ रोजी त्याचे अपील फेटाळले जाऊन त्याला वर्षभरासाठी निलंबित करण्यात आले.

हा तरुण कोणी सामान्य खेळाडू असता, तर या घटनेची एवढी चर्चा झाली नसती. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकने दूरवर फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलणे हे रिसीव्हरचे काम. चेंडू हातातून सुटण्यापूर्वीच त्याने ठरलेल्या मार्गाने पळत सुटायचे, प्रतिपक्षाच्या रक्षकाला हुलकावणी द्यायची आणि चेंडू जिथे पडणार त्या जागी नेमक्या क्षणी पोहोचायचे. त्यासाठी वेग, उंची, पकड आणि अंदाज हे चारही गुण लागतात. ते एकाच देहात क्वचितच एकत्र येतात. सव्वासहा फूट उंचीच्या गॉर्डनच्या ठिकाणी ते एकत्र आले होते.

झेप आणि तिची सावली

टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरात १९९१ मध्ये जन्मलेल्या या मुलाने शाळेतच नाव मिळवले होते. बेलर विद्यापीठाच्या संघातून खेळताना तो चमकला. पण गांजाच्या प्रकरणांमुळे त्याला त्या संघास मुकावे लागले. पुढे तो यूटा विद्यापीठात गेला, परंतु तेथे एकही सामना खेळला नाही. एवढे होऊनही २०१२ च्या पूरक निवडीत क्लीव्हलंड ब्राउन्स या संघाने आपला पुढील वर्षीचा दुसऱ्या फेरीतील निवडीचा हक्क खर्ची घालून त्याला घेतले. त्याचा पूर्वेतिहास त्यांना ठाऊक नव्हता, असे नाही. त्याच्या गुणांची किंमत त्यांनी अधिक लावली इतकेच.

आणि ती किंमत खोटी ठरली नाही. २०१३ च्या हंगामातील पहिले दोन सामने तो निलंबित होता. तपासणीत कोडीन सापडले होते आणि ते खोकल्याच्या औषधातून आले, असे त्याचे म्हणणे होते. उरलेल्या अवघ्या १४ सामन्यांत त्याने ८७ झेल घेऊन १,६४६ यार्डांची मजल मारली. त्या वर्षी संपूर्ण लीगमध्ये झेलांच्या यार्डांत तो पहिला आला. २४ नोव्हेंबरला पिट्सबर्गविरुद्ध २३७ आणि लगेच १ डिसेंबरला जॅक्सनव्हिलविरुद्ध २६१ यार्ड मिळवून, लागोपाठच्या दोन सामन्यांत दोनशेची मर्यादा ओलांडणारा तो लीगच्या इतिहासातील पहिलाच खेळाडू ठरला. विशेष हे की, ज्या संघासाठी त्याने हा पराक्रम केला तो संघ हे दोन्ही सामने हरला. हंगामात त्याचे एकंदर बारा पराभव झाले. एका हंगामात अनेक क्वार्टरबॅक बदलणाऱ्या त्या दुबळ्या संघात एकटा बावीस वर्षांचा मुलगा तळपत होता.

आकड्यांचा न्याय

अशा खेळाडूवर निलंबनाची कुऱ्हाड कोसळली तेव्हा आजूबाजूची परिस्थिती काय होती, हे पाहणे उद्बोधक आहे. ऑलिंपिक क्रीडापटूंसाठी गांजाची मर्यादा २०१३ मध्येच १५ वरून १५० नॅनोग्रॅमपर्यंत वाढवण्यात आली होती. म्हणजे ऑलिंपिकच्या धावपट्टीवर जो निर्दोष ठरला असता, तो फुटबॉलच्या मैदानावर अपराधी ठरत होता. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांतील मतदारांनी २०१२ मध्येच गांजा कायदेशीर करण्याचा कौल दिला होता. त्याच दोन राज्यांतील डेन्व्हर आणि सिअ‍ॅटलचे संघ फेब्रुवारी २०१४ मध्ये अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात एकमेकांशी भिडले होते. आणि गॉर्डनला वर्षभराची शिक्षा झाली त्याच उन्हाळ्यात, भावी पत्नीवर हात उचलल्याच्या प्रकरणात बाल्टिमोरच्या एका नामांकित खेळाडूस लीगने आरंभी अवघ्या दोन सामन्यांची शिक्षा दिली होती. पुढे लोकक्षोभामुळे ती वाढवावी लागली. परंतु संघटनेच्या तराजूत कोणता अपराध किती वजनाचा होता, हे तोवर साऱ्यांना दिसून चुकले होते.

काही आठवड्यांतच लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यात नवा करार होऊन मर्यादा १५ वरून ३५ वर गेली आणि गॉर्डनची शिक्षा दहा सामन्यांवर आली. ज्या रेषेवर तो अडखळला, ती चुकीच्या जागी आखलेली होती याची ही एका परीने कबुलीच होय. पण कबुली दिल्यानंतरही दहा सामने त्याच्याकडून वसूल करण्यात आले.

तथापि सारा दोष नियमांच्या माथी मारणे हेही सत्याला धरून होणार नाही. अपिलाचा निर्णय लागण्यापूर्वीच, जुलै २०१४ मध्ये, मद्यप्राशन करून गाडी चालवल्याबद्दल त्याला उत्तर कॅरोलायनात अटक झाली होती आणि पुढे त्याने तो गुन्हा मान्यही केला. त्यामुळे त्याच्यावर मद्याचीही बंदी आली. २०१४ चा हंगाम संपतो न संपतो तोच एका विमानप्रवासात त्याने मद्य घेतले. विमानातून उतरल्यावर तपासणी झाली, दोष आढळला आणि आणखी एक वर्ष गेले. २०१६ मध्ये परतीची वाट मोकळी होत असतानाच तो स्वतःहून व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला. डिसेंबर २०१४ नंतर तो पुन्हा मैदानावर उतरला तो थेट डिसेंबर २०१७ मध्ये. तेवीस ते सव्विस ही रिसीव्हरच्या उमेदीची वर्षे अशी कोरडी गेली.

शिक्षा आणि शुश्रूषा

२०१७ मध्येच त्याने जे उघडपणे सांगितले, त्याने या साऱ्या प्रकरणावर वेगळाच प्रकाश पडला. शाळकरी वयापासून मनातील भीती आणि अस्वस्थता दडपण्यासाठी तो मादक पदार्थांच्या आहारी गेला होता. व्यावसायिक कारकिर्दीत बहुधा प्रत्येक सामन्यापूर्वी त्याने काही ना काही घेतलेले असे. ज्या २०१३ च्या पराक्रमाने सारा देश थक्क झाला, तो त्याच अवस्थेतला होता! मग प्रश्न पंधरा की सोळा एवढाच उरतो काय? मर्यादा तेव्हा दीडशे असती, तर गॉर्डन सुटला असता हे खरे. पण तो बरा झाला असता असे मात्र म्हणता येत नाही. मूत्राच्या बाटलीने ‘किती’ या प्रश्नाचे उत्तर दिले. ‘का’ हा प्रश्न विचारण्याची सोय तिच्यात नव्हती आणि ज्यांच्यात होती त्यांना बाटलीतला आकडाच पुरेसा वाटला.

याहून चिंतेची बाब शिक्षेच्या स्वरूपात होती. वर्षभराच्या निलंबनाचा अर्थ केवळ सामने हुकणे असा नव्हता. खेळाडूला संघाच्या आवारात पाऊल ठेवता येत नसे. म्हणजे ज्याच्या आयुष्याला वेळापत्रक, सहकारी, प्रशिक्षक आणि सराव एवढाच आधार होता, त्याचा तो आधारच काढून घ्यायचा आणि त्याने एकट्याने सावरावे अशी अपेक्षा धरायची! व्यसनाला एकांत पोषक असतो हे सांगण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही, घरात एखादा व्यसनी माणूस पाहिलेल्या कोणासही ते ठाऊक असते.

पुढची कहाणी थोडक्यात सांगण्यासारखी आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये क्लीव्हलंडने त्याला न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे धाडले. तेथे ११ सामन्यांत ७२० यार्ड मिळवून आपली चमक अजून विझलेली नाही, हे त्याने दाखवले. २० डिसेंबर रोजी मानसिक स्वास्थ्यासाठी आपण खेळापासून दूर होत असल्याचे त्याने जाहीर केले आणि त्याच दिवशी लीगने त्याला बेमुदत निलंबित केले. मदत मागणारा हात आणि शिक्षा देणारा हात असे एकाच दिवशी समोरासमोर आले. २०१९ मध्ये सिअ‍ॅटलकडून पाच सामने झाले, तोच पुन्हा निलंबन ओढवले. या वेळी मादक पदार्थांखेरीज खेळातील कामगिरी वाढवणाऱ्या द्रव्यांचाही आरोप होता. २०२१ मध्ये कॅन्सस सिटीने संधी दिली, तेव्हा १२ सामन्यांत त्याच्या खात्यावर जमा झाले ते पाच झेल आणि ३२ यार्ड. आठ वर्षांपूर्वी एका डावातदेखील त्याने याहून अधिक अंतर कापले असते.

मधल्या काळात नियम मात्र बदलले. २०१९ मध्ये प्रत्येक संघाने मनोस्वास्थ्याचा तज्ज्ञ नेमावा, असे ठरले. मार्च २०२० च्या करारानुसार गांजाची मर्यादा १५० वर गेली, तपासणी सराव शिबिराच्या आरंभीच्या दोन आठवड्यांपुरती उरली आणि केवळ त्या कारणासाठी निलंबित करण्याची प्रथा संपली. २०२४ च्या अखेरीस तीच मर्यादा ३५० झाली. ज्या सोळा नॅनोग्रॅमनी एका तरुणाचे वर्ष हिरावले, त्यांच्या वीसपटींहून अधिक प्रमाण आज त्याच संघटनेला क्षम्य वाटते.

हे शहाणपण उशिरा आले, पण आले, याचा आनंद मानावा लागेल. मात्र आकडा वाढवला म्हणजे सुधारणा पूर्ण झाली असे समजणे घातक ठरेल. संस्था गुणवान मुलांना त्यांच्या दोषांसकट स्वीकारतात ते त्यांच्या गुणांवर स्वतःचा उत्कर्ष साधण्यासाठी. तसे असेल, तर त्या दोषांचे उत्तरदायित्वही काही अंशी त्यांच्याकडे येते. सवलतीने व्यसन सुटत नाही आणि हद्दपारीनेही सुटत नाही. त्यासाठी कोणीतरी दीर्घकाळ सोबत राहावे लागते. गॉर्डनचे वेळोवेळी पाऊल घसरले, त्याची जबाबदारी त्याची त्यालाच उचलावी लागली आणि त्याने ती नाकारलीही नाही. परंतु ज्या दिवशी त्याने स्वतः हात पुढे केला, त्या दिवशी त्या हातात निलंबनाचा कागद ठेवण्यात आला. त्या कागदावरची सही मात्र त्याची नव्हती.