पाण्याचे तीन रस्ते

सोलापुरातील सात रस्ता चौकात उभे राहणाऱ्यास वाटांची उणीव भासत नाही. या शहरात येणाऱ्या पाण्याला मात्र मुख्य रस्ते तीनच; आणि ते तिन्ही असूनही कित्येक वर्षे येथे नळास तीन-चार दिवसांआड पाणी आले. नळाची वेळ गाठावी, तर मजुराचा रोज बुडतो आणि घरच्या मुलीची शाळा चुकते. म्हणून हा प्रश्न केवळ सोयीचा आहे असे आम्ही मानीत नाही.

पहिला रस्ता हिप्परग्याजवळील एकरुख तलावाचा. तो १८७१ साली पुरा झाला; परंतु त्याची सारी भिस्त पावसावर. दुसरा भीमा नदीचा. उजनी धरणातून सोडलेले पाणी पंढरपुरावरून वळसे घेत औजच्या बंधाऱ्यात येते. वाटेत ऊन, वाळू व काठचे पंप आपापला वाटा घेतात. अब्जावधी घनफूट सोडावे, तेव्हा शहरास थोडके मिळते. तिसरा रस्ता उजनीहून शंभराहून अधिक किलोमीटर आलेल्या नळाचा.

सह्याद्रीच्या पावसावर भरणारे हे धरण १९८० साली पुरे झाले. त्याचा साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट खरा. पण त्यातील सुमारे ६३ अब्ज मृतसाठा होय. २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी त्याही रेषेच्या फार खाली गेले. अशा वेळी नळासाठी ते दुबार उपसावे लागते. धरण मोठे आहे, या भरवशावर स्वस्थ राहणारांस एवढा इशारा पुरे व्हावा.

दुसऱ्या समांतर नळाचा आम्हीही पुरस्कार करतो. त्याने नदीवाटेची नासाडी टळेल. परंतु फाटक्या गोणीत अधिक दाणे ओतल्याने ती भरत नाही. शहरातील जुने नळ गळतात. आमच्या व्यापारी वाचकांपैकी कोणी मापावाचून माल देत नाही. मग पाणीच तेवढे बेहिशेबी का जावे? प्रत्येक पेठेत किती पाणी सोडले व घरोघर किती पोचले, याचा ताळेबंद दरमहा प्रसिद्ध व्हावा, आणि गळती आधी बुजवावी.

या धरणासाठी इंदापूर-करमाळ्याकडील गावे पाण्याखाली गेली. त्या लोकांनी घरेदारे सोडली, ती पाणी गटारात जावे म्हणून नव्हे. एवढे स्मरण कारभाऱ्यांनी ठेवावे, व नागरिकांनीही.