व्रण दिसला, नस दिसली नाही

१८९८ च्या ‘लेपर्स अ‍ॅक्ट’मधली रोग्याची व्याख्या एका वाक्यात संपते. कुष्ठरोगाचा प्रकार कुठलाही असो, ज्याच्या अंगावर व्रण फुटायला सुरुवात झाली तो कायद्याच्या लेखी महारोगी. असा माणूस कंगाल असेल, तर पोलिसाने वॉरंटाविना धरावा आणि त्याची रवानगी आश्रमात व्हावी. कुष्ठरोगावरचे जुने वैद्यकीय कागद चाळण्याचा नाद एकदा लागला की माणूस या व्याख्येपाशी हटकून अडखळतो. कारण हातापायांवरचा व्रण ही या रोगाची सुरुवात नसते. आधी त्वचेतल्या नसा निकामी होतात. मग तव्याचा चटका, तळव्यात घुसलेला खिळा, लागणारी चप्पल यांची खबर वर पोचत नाही. माणूस त्याच पायावर चालत राहतो आणि जखम चिघळते. म्हणजे स्पर्श गेल्यावर बऱ्याच काळाने कायद्याला रोगी दिसत होता. त्यातही गंमत अशी, की ज्याच्या अंगात जंतू सर्वांत जास्त, त्या कानाच्या पाळ्या जाड झालेल्या रोग्याला पुष्कळदा व्रण नसतो, आणि व्रणवाल्याचा रोग कित्येकदा केव्हाच विझलेला असतो. संसर्ग रोखायचा म्हणून भलत्यालाच कोंडायची ही सोय. ‘त्या काळी कळत नव्हतं’ ही सबब इथे चालत नाही. नस तोवर सापडलेली होती, आणि मुंबईतही ती उघडून पाहिली गेली होती.

पाहणारा होता हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ची चित्रं काढणारा हा माणूस ते पुस्तक बाजारात येण्याआधीच, १८५८ साली, मुंबईला आला. पुस्तक ग्रेच्या नावाने अजरामर झालं. मुखपृष्ठामागच्या पानावर कार्टरचं नाव आपल्या नावाच्या बरोबरीने मोठं नको, असा ग्रेचा आग्रह होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवताना कार्टरने जे. जे. रुग्णालयातल्या कुष्ठरोग्यांकडे मोर्चा वळवला. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा लांबलचक निबंध आला. मृत रोग्यांच्या हाताच्या नसा उघडून त्या कुठे सुजतात हे त्याने पाहिलं होतं, आणि बधिरपणाचं मूळ तिथे शोधलं होतं. नॉर्वेत डॅनिएल्सन आणि बोएक यांनी आधीच या दिशेने काम केलं होतं, त्यामुळे पहिलेपणाचा मान त्याला देता येत नाही. पण नसांकडे त्याचं लक्ष चित्रकाराचं होतं, ती सूज तो रेषेत पकडू शकत होता. पुढे तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन झाला, १८७३ मध्ये नॉर्वेला गेला, कुष्ठरोगाचा जंतू शोधणाऱ्या हॅन्सनचं काम त्याने जवळून पाहिलं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १८६७ मध्ये हा रोग संसर्गजन्य नाही असा निर्वाळा दिला होता. कार्टर परतला तो त्या निर्वाळ्याविरुद्ध ठाम होऊन: रोग पसरतो, रोग्यांना वेगळं ठेवा, आश्रम बांधा. एकाच माणसाने नसही दाखवली आणि कोंडवाडाही सुचवला. पुढच्या राज्यकर्त्यांनी त्यातलं नेमकं दुसरं उचललं.

१८९० मध्ये माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उभा राहिला तो म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने. त्या आश्रमातून पुढे आलेल्या वडाळ्याच्या रुग्णालयाला आजही त्यांचं नाव आहे. पुढची पन्नासेक वर्षं इथे वगळली तरी चालतील. नस पुन्हा ऐरणीवर आली ती वसंत रामजी खानोलकरांमुळे. टाटा मेमोरियलच्या या विकृतिशास्त्रज्ञाची ख्याती कर्करोगासाठी, पण कुष्ठरोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचे काप त्यांनी बारकाईने तपासले. जंतू त्वचेतल्या बारीक मज्जातंतूंत शिरतात आणि तिथून वरच्या दिशेने सरकतात, असं त्यांचं प्रतिपादन. जंतूचं खरं बिऱ्हाड तंतूभोवतीच्या श्वान पेशींत असतं हे नंतर स्पष्ट झालं, पण नसेला मध्यभागी ठेवण्याचा त्यांचा हट्ट टिकला. १९५५ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात दाराब दस्तूर यांचा निबंध आला. त्वचेतल्या नसा सूक्ष्मदर्शकाखाली कशा दिसतात आणि त्वचेला काय जाणवतं, यांचा मेळ घालणारा. या सगळ्या गठ्ठ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच निबंध. त्यात चट्टा नुसता पाहण्याची वस्तू राहत नाही. ‘इथे काय कळतं?’ या प्रश्नाचं उत्तर रोग्याकडून घ्यावं लागतं.

त्याच सुमारास युरोपात स्पर्शावरून वाद रंगला होता. माक्स फॉन फ्रायने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोड्याच्या केसांनी त्वचा टोचून प्रत्येक संवेदनेला वेगळा बिंदू, वेगळं टोक नेमून दिलं होतं. ऑक्सफर्डच्या वेडेलला हे मान्य नव्हतं. डोळ्याच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात ती खास टोकं नसूनही तिथे एकाहून अधिक संवेदना जाणवतात, मग जाणीव तंतूंच्या एकत्रित हालचालीत असावी, असा त्याचा युक्तिवाद. वेडेलही पुढे कुष्ठरोगाकडे वळला, आणि मला वाटतं या रोगाची साक्ष त्याच्या विरुद्ध जाते. चट्ट्यातून ऊन-गार कळणं सहसा आधी जातं, दुखणं आणि हलका स्पर्श मागोमाग, आणि खोल दाब, सांध्याची जाणीव शेवटपर्यंत टिकते. तारा वेगळ्या नसत्या तर त्या अशा एकेक करून तुटल्या नसत्या. उष्णतेचा टीआरपीव्ही१ आणि दाबाचे पीझो हे रेणू शोधणाऱ्या ज्युलियस आणि पॅटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं, तेव्हा पारडं फ्रायकडेच झुकलं. पण व्यवहारात या क्रमाचा अर्थ भयंकर आहे: खोल दाब कळतो, त्यामुळे हात शाबूत आहे असंच रोग्याला वाटत राहतं.

आता आजच्या हिशेबाकडे या. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रतवारीत हातापायांची बधिरता, पण दिसणारं व्यंग नाही, ही पहिली श्रेणी. दिसणारं व्यंग ही दुसरी. उद्दिष्टांत आणि अहवालांच्या मथळ्यात दर दहा लाखांमागे मोजली जाते ती दुसरी. २०१६ मध्ये १८९८ चा कायदा रद्द झाला. त्याची नजर मात्र या रकान्यात शाबूत आहे. यावर कार्यक्रमातली माणसं सांगतात, की बोटं वाकलेली कुणालाही मोजता येतात, बधिरता रोग्याच्या ‘हो-नाही’वर अवलंबून, अशा आकड्यावर देशांची तुलना कशी करायची? आक्षेप रास्त आहे. पण त्यावरचा उपाय फ्रायच्याच घोड्याच्या केसापासून निघालेला आहे: ठराविक दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा. रोग्याने डोळे मिटायचे, धागा टेकवून वाकेपर्यंत दाबायचा, आणि जिथे लागला तिथे त्याने बोट ठेवायचं. तपासणाऱ्याचा हात हलका की जड, याचा फरक त्यात फारसा उरत नाही. दुसरा आक्षेप असा, की सहा किंवा बारा महिन्यांच्या बहुविध औषधोपचाराने रोग बरा होतो, मग नसेची चिंता कशाला? औषध जंतू मारतं. मेलेल्या जंतूंवर शरीर चवताळून उठतं तेव्हा नस सुजते, आणि हे गोळ्या संपल्यावरही होतं. तेव्हा प्रेडनिसोलोन कामी येतं, पण बधिरता सहा महिन्यांच्या आतली असेल तरच त्याचा खरा भरवसा. म्हणजे पहिल्या श्रेणीची नोंद वेळेत झाली तर काही करता येतं. दुसरीची झाली तर शस्त्रक्रिया आणि खास पादत्राणं.

उरला शहरी वाचकाचा प्रश्न: डिसेंबर २००५ मध्येच दर दहा हजारी एकाहून कमी असं ‘निर्मूलन’ झालं, आता कांदिवलीसारख्या उपनगरात याचं काय? ते प्रमाण नोंदलेल्या आणि उपचार चालू असलेल्या रोग्यांचं होतं. गोळ्या संपल्या की माणूस यादीतून उतरतो, त्याचा बधिर पाय उतरत नाही. जगातले निम्म्याहून अधिक नवे रोगी आजही भारतात सापडतात, आणि स्वतंत्र कुष्ठरोग यंत्रणा सर्वसाधारण दवाखान्यांत मिसळून टाकल्यावर ते यायचे तिथेच. तिथल्या चारकोपच्या गाळ्यात मशीनवर उभा राहणारा कामगार फिकट डाग घेऊन महावीरनगरच्या एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाकडे गेला, तर त्याला कोड किंवा नायटा समजणं सोपं आहे. डाग बधिर आहे का, हे विचारायला दोन मिनिटं लागतात. आणि ही दोन मिनिटं एकट्या कुष्ठरोगासाठी खर्च होत नाहीत. मधुमेहींचे पाय तपासायला दहा ग्रॅमचा तोच नायलॉनचा धागा लागतो, आणि मधुमेही कांदिवलीत कुठल्याच डॉक्टरला शोधावे लागत नाहीत.